डोंगरांतलें मासळीचें दुकान
(ज्युबिलीच्या सभेंत झालेलें भाषण)



ज्युबिलीच्या प्रसंगीं मंदिराच्या पायाचा दगड, पहिले मिशनरी, पहिला बाप्तिस्मा, शाळा आणि दवाखाना यांचा इतिहास सांगण्याची आपल्या मंडळींत चाल आहे, आणि ती योग्यच आहे. तें काम माझ्याहून अधिक अधिकारी वक्त्यांनीं केलें आहे. मला दिलेल्या वेळांत मी अशा एका संस्थेचा इतिहास आपणांपुढें मांडणार आहे, कीं जिला घटना नाहीं, दप्तर नाहीं, आणि पुष्कळदां नांवाची पाटीही नाहीं. ती संस्था म्हणजे जव्हार आणि मोखाडें या दोन तालुक्यांच्या बाजारांत मांडलेलें सुक्या मासळीचें लहानसें दुकान होय.

विषय ऐकून कित्येकांस हंसूं येईल. मंगल प्रसंगीं बोंबलाची गोष्ट कशाला, असेंही कोणी म्हणेल. परंतु मला असें वाटतें कीं, ज्या अन्नाच्या वासानें पोट भरलेला माणूस नाक मुरडतो, त्याच अन्नावर जर गरिबाचीं लेंकरें वाढत असतील, तर त्या अन्नाचा इतिहास हा धर्ममंडळीच्या इतिहासाचाच एक भाग आहे. शेजारधर्माची परीक्षा वेदीपाशीं जितकी होते, तितकीच ती तराजूपाशींही होते. एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

प्रथम या दुकानाची जागा पाहूं. जव्हारचें पठार समुद्रसपाटीपासून सुमारें १,५०० फूट उंच आहे. १९४८ सालापर्यंत जव्हार हें मुकणे घराण्याचें संस्थान होतें; मोखाडें मात्र इंग्रजी अमलांतील ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. संस्थान विलीन झाल्यावर दोन्हीं मुलूख एका जिल्ह्यांत आले, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून दोन्हीं तालुके नव्या पालघर जिल्ह्यांत आहेत. येथें वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी असे समाज राहतात. डोंगरउतारावर नागली आणि वरई, खाचरांत भात, एवढेंच येथील मुख्य पीक. पाऊस अतोनात पडतो, पण तो उतारावरून वाहून जातो, आणि उन्हाळ्यांत त्याच पाड्यांतील बायांना हंडाभर पाण्यासाठीं मैल मैल चालावें लागतें. पहिल्या पावसांत ओहोळांतून वर चढणारे मासे आणि खडकांतले खेकडे मिळतात. पण तें सुख थोड्या दिवसांचें. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत कोरड्या भाकरीला चव आणि शरीराला बळ देणारी वस्तु जी येते, ती दूरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या समुद्रावरून येते.

वसई, अर्नाळा, सातपाटी, डहाणू या किनाऱ्यावर भरतीओहोटीच्या ओढींत खुंटांना बांधलेल्या डोल नांवाच्या पिशवीसारख्या जाळ्यांत बोंबील, मांदेली आणि जवळा सांपडतो. ताज्या बोंबलांत दहांपैकीं जवळजवळ नऊ भाग पाणीच असतें. म्हणून तो फार वेळ टिकत नाहीं आणि फार दूर जात नाहीं. या नाजूक मासळीला दूरचा प्रवास घडविण्याची युक्ति आमच्या कोळी बांधवांनीं फार पूर्वीं शोधून काढली. किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्या उभारावयाच्या, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवावयाचे, आणि ती जोडी दोरीवर टांगावयाची. मीठ नाहीं, मसाला नाहीं. केवळ ऊन आणि वारा. कांहीं दिवसांत पाणी उडून जातें आणि काडीसारखा हलका, महिनोन्‌महिने टिकणारा बोंबील तयार होतो. जवळा उन्हांत पसरून वाळविला म्हणजे त्याची सुकट होते. मासे पकडण्याचें काम पुरुषांचें, पण टांगणें, उलथणें, पावसाचा थेंब दिसतांच धांवत जाऊन गोळा करणें, निवडणें, आणि बाजारांत नेऊन विकणें हें सर्व काम बहुतांशीं कोळणींचें. डोंगरांतील दुकानाचा पहिला खांब त्या कोळणीच्या हातांनीं रोंवलेला आहे, हें विसरून चालणार नाहीं.

या व्यापाराचा वार्षिक क्रम पावसानें ठरवून दिलेला आहे. पावसाळ्यांत समुद्र खवळलेला असतो. हल्लीं १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारीची शासकीय बंदीही असते. म्हणून वैशाखांत, पावसाआधीं, घरोघर आगोटीची बेगमी करावयाची असते: मीठ, मिरची, कांदे, लाकूडफाटा, आणि ऐपतीप्रमाणें सुकी मासळी. त्या दिवसांत जव्हारच्या, मोखाड्याच्या आणि खोडाळ्याच्या बाजारांत मासळीच्या दुकानाभोंवतीं जितकी गर्दी दिसते, तितकी क्वचितच दुसऱ्या दुकानाभोंवतीं दिसत असेल. दुकान तरी कसलें! चार गोणपाटें अंथरलेलीं, त्यांवर बोंबील, सुकट, वाकट्या आणि मांदेली यांचे ढीग, वर ताडपत्रीचें छप्पर, आणि मध्यें तराजू. गिऱ्हाईक मूठभर सुकट हातांत घेऊन वास घेतें, ती कोरडी आहे कीं ओलसर हें बोटांनीं पाहतें, आणि मग भाव विचारतें. घरीं गेल्यावर ती सुकट तव्यावर भाजून, मिरची-मिठाबरोबर वाटून, नागलीच्या भाकरीशीं खाल्ली जाते. बोंबील निखाऱ्यावर नुसता भाजला तरी चालतो. तेल नसलेल्या घरांतही हें कालवण होऊं शकतें, हा त्याचा मोठा गुण.

पूर्वीं हा व्यवहार नाण्यांचा नव्हता. किनाऱ्यावरून मासळी वर येई आणि तिच्या मोबदल्यांत धान्य व रानांतील जिनसा खालीं जात. मोजमाप शेर-पायलीचें होतें. १९५६ सालीं भारतांत दशमान वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्यानें किलो-ग्रॅम आले. पायलीची जागा तराजूनें आणि आतां विजेच्या कांट्यानें घेतली. प्रवासाचेंही तसेंच. डोक्यावरची पाटी आणि बैलगाडी मागें पडली. मुंबई राज्याची सरकारी मोटार, म्हणजे आपली एस. टी., १९४८ सालीं सुरू झाली आणि पुढें ती घाट चढून या मुलखांत आली. तिच्या टपावरून मासळीच्या पाट्या येऊं लागल्या. आज त्या टेंपोंतून येतात. वाहन बदललें, माप बदललें. पण दुकान जागच्या जागींच आहे, आणि त्याच्याविषयीं सभ्य लोकांची नाराजीही जागच्या जागींच आहे. शेजारच्या बाकावर मासळीची पिशवी आली म्हणजे मुद्रा कशी बदलते, हें आपण सर्वजण जाणतों.

या नाराजीचा विचार करतांना मला याच दुकानाच्या एका दूरच्या बहिणीची आठवण होते. ती बहीण विलायतेंत आहे. तिचा इतिहास पुष्कळसा लिहून ठेवलेला असल्यामुळें त्याच्या उजेडांत आपल्या दुकानाचें मोल अधिक स्पष्ट दिसेल, म्हणून तो थोडक्यांत सांगतों.

इंग्लंडांत तळलेला मासा आणि बटाट्याच्या तळलेल्या फोडी एकत्र विकणारीं लहान लहान दुकानें गल्लोगल्लीं आहेत. या खाण्याला तेथील लोक आपलें राष्ट्रीय अन्न मानतात. पण त्याचे दोन्हीं भाग परके आहेत. पिठांत घोळवून मासा तळण्याची रीत स्पेन व पोर्तुगालच्या यहुदी लोकांनीं तेथें नेली, असें इतिहासकार मानतात. १४९२ सालीं स्पेनमधून यहुद्यांना हांकलण्यांत आलें, आणि १४९७ सालीं पोर्तुगालमध्यें त्यांच्यावर सक्तीनें धर्मांतर लादण्यांत आलें. बळजबरीचा तो प्रकार ख्रिस्ताच्या नांवाला कमीपणा आणणारा होता, हें आज आपण मोकळेपणानें म्हणूं शकतों. त्या निर्वासितांपैकीं कांहीं कालांतरानें इंग्लंडांत जाऊन राहिले आणि आपल्या शब्बाथाच्या आदल्या दिवशीं तळून ठेवलेला थंड मासाही बरोबर घेऊन गेले. बटाटा तर अमेरिकेंतून युरोपांत आलेला. येथें वसईच्या लोकांनीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी. १५३४ पासून १७३९ पर्यंत ज्या पोर्तुगीजांचें वसईवर राज्य होतें, त्यांच्याच भाषेंतून मराठींत ‘बटाटा’ हा शब्द आला आणि ‘पाव’ हाही आला. म्हणजे विलायतेच्या त्या दुकानाचें आणि आपल्या स्वयंपाकघराचें मूळ एकाच बंदरापर्यंत जाऊन पोंचतें.

मासा आणि बटाटा एका दुकानांत प्रथम कोणीं आणले यावर वाद आहे. लंडनच्या पूर्व भागांत जोसेफ मॅलिन या यहुदी गृहस्थानें १८६० च्या सुमारास असें दुकान घातलें, असें एक मत. लँकेशायरमधील मॉस्ली या गांवच्या बाजारांत जॉन लीझ यानें १८६३ सालीं एका लांकडी खोपटांत तें सुरू केलें, असें दुसरें मत. हा वाद सोडवण्याचें आपणांस कारण नाहीं. परंतु १८६३ हें साल मात्र ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. अमेरिकेंत १८६१ पासून यादवी युद्ध चालू होतें, तेथील कापूस बंद झाला होता, आणि लँकेशायरच्या गिरण्यांतील हजारों मजूर बेकार होऊन उपाशी पडले होते. त्याच कापसाच्या टंचाईनें मुंबईच्या व्यापाऱ्यांची चांदी झाली. गुजरातेंतील कापूस मुंबईच्या बंदरांत आणण्यासाठीं बी. बी. अँड सी. आय. कंपनीचा जो लोहमार्ग १८६४ सालीं मुंबईपर्यंत पुरा झाला, तोच आज पालघर आणि डहाणू या स्टेशनांवरून जातो. कापूस एकच, रूळ एका काळचे, आणि भूकही एकच. फक्त ती भूक जगाच्या दोन टोकांना होती.

पुढें वाफेच्या होड्या, बर्फ आणि आगगाडी या तीन साधनांनीं उत्तर समुद्रांतील मासा गिरणीगांवांत स्वस्तांत येऊं लागला. दिवसभर मागावर उभी राहिलेली बाई सायंकाळीं चूल कधीं पेटविणार? दोनचार पेन्यांत तिला मुलांसाठीं गरम, पोटभर अन्न मिळूं लागलें. १९१० च्या सुमारास त्या देशांत अशीं सुमारें २५,००० दुकानें होतीं. पुढें त्यांची संख्या ३५,००० पर्यंत गेली. दोन्हीं महायुद्धांच्या काळांत इतर अनेक पदार्थांवर नियंत्रण आलें, पण मासा आणि बटाटा यांवर शिधापत्रिकेची सक्ति आली नाहीं, कारण गरिबांचें हें अन्न बंद पडलें तर लोकांचा धीर सुटेल, अशी राज्यकर्त्यांस भीति होती. आज तीं दुकानें दहा हजारांच्या आसपास उरलीं आहेत. लँकेशायरमध्यें आयर्लंडच्या दुष्काळांतून आलेले कॅथॉलिक मजूर पुष्कळ होते. शुक्रवारीं मांस वर्ज्य असल्यामुळें तो दिवस या दुकानांच्या गर्दीचा असे. १९६६ सालीं पोप सहावे पॉल यांनीं प्रायश्चित्ताचे नियम बदलून त्यांचा तपशील बिशपमंडळांवर सोंपविला; इंग्लंड-वेल्सच्या बिशपांनीं २०११ सालीं शुक्रवारचा मांसत्याग पुनः सर्वांस लागू केला.

पण मला सांगावयाची मुख्य गोष्ट निराळीच आहे. इतक्या लोकांचें पोट भरणाऱ्या या धंद्याला तेथील कायद्यानें कातडीं कमावणें, चरबी वितळविणें यांच्या पंक्तीला बसवून ‘उपद्रवी धंदा’ ठरविलें होतें. कारण काय, तर वास. १९४० सालापर्यंत तो शिक्का त्याच्यावर होता. सुशिक्षित लोक म्हणत, गरिबांना स्वयंपाक येत नाहीं, त्या पैशाची उधळपट्टी करतात, आणि गल्लींत दुर्गंधी पसरवितात. आज त्याच अन्नासाठीं पाहुण्यांना मुद्दाम नेण्यांत येतें. वास तोच आहे. बदललें तें नाक. मोखाड्याच्या बाजारांतील सुकटीकडे पाहतांना हा धडा आपण घ्यावा.

आणि ख्रिस्ती माणसाला तर तो धडा विलायतेहून घेण्याची गरजही नाहीं. आपला पहिला पोप मासे पकडणारा होता. पवित्र मग्दालिया मरिया ज्या मग्दाला गांवची, त्या गांवाला ग्रीक लेखक तारिखेया म्हणत, असें बहुतेक विद्वान मानतात. आणि त्या शब्दाचा अर्थ मासळी खारविण्याची जागा असा होतो. म्हणजे गालील सरोवराच्या कांठीं प्रभु चालत असतां त्याच्या आसपास आपल्या सातपाटी-अर्नाळ्यासारखाच वास दरवळत असला पाहिजे. पांच भाकरी आणि दोन मासे यांच्या वृत्तांतांत संत योहान माशांसाठीं जो ग्रीक शब्द योजतो, तो भाकरीशीं खाण्याच्या लहानशा माशाचा आहे, आणि असे मासे बहुधा खारवलेले अथवा सुकविलेले असत. त्या मुलाच्या भाकरीही गव्हाच्या नव्हत्या, जवाच्या होत्या. तें गरिबांचें धान्य. जवाच्या जागीं नागली ठेवा, म्हणजे तो मुलगा जव्हारच्या कोणत्याही पाड्यांतला वाटेल. प्रभूनें त्याची शिदोरी नाकाला रुमाल लावून नाकारली नाहीं; ती हातांत घेतली, आभार मानले, आणि वांटली.

आतां मी जरा कठोर गोष्टीकडे वळतों. १९९२-९३ सालीं याच जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें शंभराहून अधिक बालकें कुपोषणानें दगावल्याचें वृत्त साऱ्या महाराष्ट्रानें वाचलें. मुख्यमंत्री आले, योजना आल्या, रस्ते आले. २०१५ पासून शासनाची अमृत आहार योजना आदिवासी भागांतील गरोदर मातांना एक वेळचें सकस जेवण आणि बालकांना अंडीं वा केळीं देते. तथापि त्यानंतरही मोखाड्याचें नांव कुपोषणाच्या संदर्भांत वर्तमानपत्रांत पुनः पुनः आलें आहे. आणि म्हणूनच मासळीच्या दुकानाचा विषय मी हंसण्यावारी नेऊं शकत नाहीं. सुक्या बोंबलाच्या १०० ग्रॅममध्यें सुमारें ६० ग्रॅम प्रथिनें असतात. डाळींत साधारण २२ ग्रॅम असतात. नागलीच्या १०० ग्रॅममध्यें सुमारें ३४० मिलिग्रॅम चुना असतो, म्हणून ती उत्तम समजली जाते. सुक्या बोंबलांत तो एक हजार मिलिग्रॅमांहून अधिक असतो. सोप्या शब्दांत सांगावयाचें तर २० ग्रॅम सुक्या बोंबलांत दोन अंड्यांइतकीं प्रथिनें आहेत. ज्या घरांत दूध नाहीं, अंडें विकावयाचें असतें आणि डाळ सणाला शिजते, त्या घरांत ही मूठभर मासळी म्हणजे चैन नव्हे. तें मुलाचें रक्त आणि हाड आहे. बोंबील कोरडा भाजून, कांटे काढून, त्याची बारीक पूड लहानग्याच्या पेजेंत घालतां येते. ही गोष्ट आमच्या आयांना कोणी शिकवावी लागत नव्हती. पण मासळीचा भाव वाढला कीं ताटांतून प्रथम तीच नाहींशी होते.

भाव वाढतो तो कां? याचें एक कारण समुद्रांत आहे आणि एक डोंगरांत. समुद्रांत पूर्वींइतकी मासळी मिळत नाहीं, अशी तक्रार किनाऱ्यावरील प्रत्येक कोळीवाड्यांत ऐकूं येते. त्यांत डहाणूजवळ वाढवण येथें मोठें बंदर होत आहे. सुमारें ७६,२२० कोटि रुपयांच्या या प्रकल्पास केंद्रशासनानें जून २०२४ मध्यें मान्यता दिली आणि त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें पायाभरणी झाली. मच्छीमारांनीं त्याला दीर्घकाळ विरोध केला आहे. बंदराच्या लाभहानीचा निवाडा करण्याचें हें स्थान नव्हे. परंतु किनाऱ्यावर जेव्हां असा हिशेब मांडला जातो, तेव्हां बोटी किती, जाळीं किती, कुटुंबें किती, हें मोजलें जातें. त्या मासळीवर डोंगरांत किती मुलांची भाकर ओली होते, हें मोजलेलें मीं तरी पाहिलें नाहीं. मोखाड्याचें दुकान कोणाच्याच नकाशावर नाहीं.

डोंगरांतलें कारण म्हणजे उधारी. आगोटीच्या वेळीं गरिबाजवळ पैसा नसतो. पीक दिवाळीला येतें आणि माघ-फाल्गुनापर्यंत संपतें. दिवाळीनंतर या दोन्हीं तालुक्यांतील कित्येक कुटुंबें भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर आणि रेतीच्या कामावर जातात. पुष्कळांनीं मुकादमाकडून आधींच उचल घेतलेली असते. मुलें शाळा सोडून बरोबर जातात. १९४५ सालीं उंबरगांव-डहाणूच्या वारल्यांनीं वेठीविरुद्ध मोठा लढा दिला, १९७६ सालीं देशांत वेठबिगारी नष्ट करण्याचा कायदा झाला. तरीही उचलीच्या दोरीनें बांधलेली माणसें आजही पाहावयास मिळतात. विचार करा: मासळी खालून वर जाते आणि माणसें वरून खालीं येतात. ज्या वसईच्या बोंबलानें मोखाड्याचें मूल वाढतें, त्याच वसईच्या भट्टीवर तें मूल विटा उचलतें. किनारा आणि डोंगर या दोहोंचा संबंध असा आहे, आणि १९९८ सालीं स्थापन झालेल्या आपल्या वसई धर्मप्रांतांत हे दोन्हीं मुलूख एकाच मेंढपाळाच्या काठीखालीं आहेत. एकाच शरीराचे हे दोन अवयव एकमेकांना ओळखतात काय, असा प्रश्न ज्युबिलीच्या दिवशीं विचारणें मला भाग वाटतें.

लहान दुकानदारालाही मी दोष देऊन मोकळा होणार नाहीं. दोन पावसांत भिजलेला माल, बुडालेली उधारी, वाढलेलें भाडें, हें सर्व तो सोसतो. जो दुकानदार भर श्रावणांत, हातांत दिडकी नसलेल्या बाईला, ‘ने, भात आल्यावर दे’ असें म्हणून अर्धा किलो सुकट बांधून देतो, तो कोणत्याही धर्माचा असो, त्यानें दयेचें एक कृत्य केलेलें आहे. पण त्याच वेळीं जो कांट्यावर अंगठा टेकतो, ओलसर माल वजनाला घालतो, अथवा उधारीच्या वहींत एकाचे दोन करतो, त्यानें तान्ह्या मुलाच्या तोंडचा घांस काढलेला आहे. खोटा तराजू परमेश्वराला किळसवाणा वाटतो, असें पवित्र शास्त्र वारंवार सांगतें. तें वचन कांहीं केवळ यरुशलेमच्या बाजारासाठीं नाहीं.

म्हणून, बंधुभगिनींनो, मंदिराला नवा रंग देण्याबरोबर या ज्युबिलीच्या स्मरणार्थ तीन लहान गोष्टी आपण कराव्यात, अशी माझी विनंति आहे.

पहिली गोष्ट आगोटीची. पाड्यांतील बचत गटांनीं दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला ठेवून चैत्र-वैशाखांत, भाव उतरलेला असतांना, किनाऱ्यावरील कोळी भगिनींकडून एकत्र मासळी विकत घ्यावी आणि ती डब्यांत कोरडी सांठवून सभासदांत वांटावी. किनाऱ्यावरील धर्मग्रामांनीं त्यांना प्रामाणिक, वलांडीवर वाळलेला, वाळू न लागलेला माल मिळवून देण्याची जबाबदारी घ्यावी. यांत दान नाहीं. विकणारीला योग्य दाम आणि घेणारीला योग्य माल, एवढाच व्यवहार आहे. दान एका वर्षीं येतें आणि दुसऱ्या वर्षीं आटतें. सरळ व्यवहार मात्र वर्षानुवर्षें टिकतो.

दुसरी गोष्ट वीटभट्टीची. किनाऱ्यावरील ज्या कुटुंबांच्या जमिनींवर अथवा शेजारीं भट्ट्या चालतात, त्यांनीं कार्तिकापासून वैशाखापर्यंत तेथें राहणाऱ्या मजुरांचीं नांवें तरी विचारावींत, त्यांच्या मुलांना जवळच्या शाळेंत बसवावें, आणि आठवड्यांतून एकदां तरी त्यांच्या चुलीवर काय शिजतें, तें जाऊन पाहावें. शुक्रवारीं आपण मांस सोडतों. त्या दिवशीं वांचलेला पैसा त्या चुलीपर्यंत पोंचला, तर त्या त्यागाला अर्थ येईल. मांस सोडून त्याहून महाग पापलेट खाणाऱ्याचा उपवास परमेश्वराच्या वहींत कोणत्या बाजूला मांडला जातो, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कठीण. मासळीच्या वासावरून, मासळी विकणारीवरून आणि मासळी खाणाऱ्यावरून थट्टा करणें आपण सोडून द्यावें. आश्रमशाळेंतील मूल घरची सुकट-भाकर लपवून खाऊं लागलें, म्हणजे आपण त्याला शिक्षण दिलें नाहीं, लाज दिली. त्या मुलाला असें सांगितलें पाहिजे कीं, तुझी आजी जें खाऊन डोंगर चढली, तें उत्तम अन्न आहे, आणि तें खाण्यांत मान खालीं घालण्यासारखें कांहीं नाहीं.

मृत्यूला जिंकून उठल्यावर प्रभु आपल्या शिष्यांना पुनः भेटला, तो प्रसंग संत योहानानें आपल्या शुभवर्तमानाच्या शेवटीं सांगितला आहे. रात्रभर जाळीं टाकून शिष्य थकले होते. पहाटे किनाऱ्यावर निखारे पेटलेले, त्यांवर मासे ठेवलेले आणि शेजारीं भाकर, असें त्यांनीं पाहिलें. आणि स्वर्गाचा राजा स्वतः त्यांना न्याहारीला बोलावीत होता. त्यानें पेत्राला मेंढरें चारण्याची आज्ञा केली, ती या न्याहारीनंतर. आधीं त्यानें त्याचें पोट भरलें. शतकें लोटलीं तरी हा क्रम बदललेला नाहीं. जव्हार-मोखाड्याच्या बाजारांत जोंपर्यंत एखाद्या गोणपाटावर सुकटीचा ढीग आहे, खऱ्या वजनाचा तराजू आहे, आणि आपल्या लेंकरासाठीं मूठभर मासळी घेण्याइतके पैसे एखाद्या मातेच्या पदराला बांधलेले आहेत, तोंपर्यंत प्रभूच्या त्या निखाऱ्यांची ऊब या डोंगरांत आहे असें मी मानीन. ती विझूं न देणें हें आपणां सर्वांचें काम आहे.

परमेश्वर या धर्मग्रामाला, किनाऱ्याला आणि डोंगराला आशीर्वाद देवो.